मीठ जाणार कुठे?

सतलज आणि बियास या नद्या पंजाबात हरिके इथे एकत्र येतात. त्या संगमावरच्या बंधाऱ्यापासून निघणारा कालवा आधी २०४ किलोमीटर पोषक कालवा म्हणून वाहतो आणि पुढे ४४५ किलोमीटर मुख्य कालवा होऊन थरच्या वाळवंटातून जैसलमेर जिल्ह्यातल्या मोहनगडपर्यंत पोचतो. कल्पना अभियंता कंवर सेन यांची, पायाभरणी १९५८ सालची. राजस्थान कालवा या नावाने सुरू झालेले हे काम आज इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखले जाते. जिथे वर्षाला दोन-अडीचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही भरवशाचा नाही, तिथे या पाण्यावर गहू, कापूस, मोहरी, भुईमूग उभा राहिला. माणसे आली, मंडया वसल्या.

मग सेम आली. राजस्थान-पंजाबच्या सीमेवर जमिनीत पाणी तुंबून वर येण्याला सेम म्हणतात. कालव्याआधी भूजल चाळीस-पन्नास मीटर खोल होते. कालव्याच्या पहिल्या टप्प्यात ते वर्षाला जवळपास मीटरभर चढत गेले. हनुमानगड, रावतसर, बडोपल, लूणकरणसर या पट्ट्यात टिब्ब्यांमधले, म्हणजे वाळूच्या टेकड्यांमधले, सखल भाग खारट पाण्याने भरले. रांगेने टिब्बे आणि त्यांच्यामध्ये पाण्यात उभी राहून वाळलेली झाडे असे दृश्य तिथे तयार झाले. पाणी मागे हटले तिथे जमिनीवर पांढरा थर राहिला.

अशी जमीन पुन्हा शेतीखाली आणायची, तीही पूर्वीपेक्षा कमी पाण्यात, हे कसे शक्य आहे? या प्रश्नावर मी दोन जाणत्या माणसांना भांडताना ऐकले आहे. मामा शिरोळ तालुक्यातले ऊसकरी शेतकरी. स्वतःची क्षारपड जमीन पाइप घालून त्यांनी परत उभी केली. भाची मृदाशास्त्र शिकलेली, बिकानेरच्या बाजूला बरेच काम केलेली. दोघांचीही नावे इथे देत नाही. बोलणे त्यांचेच आहे. मध्ये जिथे मला राहवले नाही तिथे मी बोललो आहे.

मामा: तू आधी मला हे सांग. मीठ विरघळायला पाणी लागतंय आणि वाहून न्यायलाही पाणीच लागतंय. मग कमी पाण्यात खारी जमीन सुधारायची म्हणतीस ती कशी? आमच्या रानात पांढरी फुटली तेव्हा आम्ही चार-पाच फुटांवर सच्छिद्र पाइप गाडले, त्याला जाळीचा मोजा चढवला, वाफे बांधून पाणी भरलं. पाइपातनं आलेलं पाणी तोंडात धरवत नव्हतं. दोन-तीन पावसाळ्यांत रान वळणीवर आलं. पाण्याशिवाय झालं असतं का हे?

भाची: नसतं झालं. पण मामा, तुमच्या रानात ते मीठ आलं कुठून?

मामा: कुठून म्हणजे? उपसा सिंचन आलं, ऊस आला, बारा महिने पाट चालू. खालची काळी माती पाणी सोडत न्हाई. पाणी वर चढत गेलं.

भाची: मग जे पाणी रोग घेऊन आलं तेच औषध म्हणून किती पाजायचं, याचा हिशेब नको का? कालव्याचं पाणी गोडं असतं, पण कोरं नसतं. लिटरमागे पाव ग्रॅम क्षार धरा, हिमालयातल्या नदीच्या पाण्याला तेवढे असतात. हेक्टरी एक मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक कोटी लिटर. त्यातून वर्षाला अडीच टन क्षार शेतात येतात. पाणी उडून जातं, पीक पिऊन टाकतं. क्षार तिथेच. निम्मं पाणी दिलं तर निम्मेच येतात. ही झाली पहिली गोष्ट. आणि थरमध्ये याहून मोठा साठा आधीच खाली होता. हजारो वर्षांच्या कोरड्या हवेने त्या मातीच्या पोटात मीठ साठवलेलं होतं. आपण वरून जास्तीचं पाणी सोडून ते विरघळवलं आणि भूजलाबरोबर वर आणलं. भूजल दीड-दोन मीटरच्या आत आलं की मग समईच्या वातीने तेल चढावं तसं ते खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढत राहतं. वर ऊन, वारा. पाणी उडतं आणि मीठ पृष्ठभागावर बसतं.

मामा: हे सगळं मान्य. झालं ते झालं. आता मीठ वर बसलंय, ते काढायचं कसं ते बोल. आमच्या इथल्या साहेबांनी सांगितलेला नियम साधा होता: एक फूट माती धुवायला एक फूट पाणी, तेव्हा कुठं शंभरातलं ऐंशी मीठ जातंय. मुळं दोन फूट धरली तरी दोन फूट पाणी झालं. गव्हाच्या अख्ख्या हंगामाला जेवढं लागतंय त्याच्याहून ते जास्त. पिकाला एक थेंब न देता. वाळवंटातला शेतकरी हे पाणी आणणार कुठनं?

मामांचा हा नियम खरा आहे आणि जुना आहे. वाफ्यात पाणी सतत उभे ठेवून धुतले तर साधारण हाच हिशेब लागतो. कमी पाण्याची भाषा करणाऱ्या बऱ्याच लेखनात हा आकडा गाळलेला असतो. खारी जमीन ठिबकवर घेतली म्हणजे आपोआप सुधारली, असे चित्र उभे केले जाते. ते चूक आहे आणि शेतकऱ्याला महागात पडणारे आहे.

भाची: नियम बरोबर आहे, पण तो पाणी तुंबवून धुण्याचा आहे. पाणी उभं केलं की ते मोठ्या भेगांतून, मोठ्या छिद्रांतून भसाभसा खाली जातं. बारीक छिद्रांतलं मीठ जागेवरच राहतं. तेच पाणी थांबून-थांबून दिलं, एक पाळी दिली, मुरू दिली, मग दुसरी, तर बारीक छिद्रांतलं मीठ बाहेर यायला वेळ मिळतो. साधारण एक तृतीयांश पाणी वाचतं. तुषारने दिलं तर माती पूर्ण भरत नाही, पाणी हळू आणि सगळीकडून उतरतं, धुणं आणखी चांगलं होतं. शिवाय कधी धुता हेही महत्त्वाचं. मे महिन्यात धुतलं तर निम्मं उन्हाने नेलं. डिसेंबर-जानेवारीत धुवा किंवा पावसाच्या तोंडावर.

मामा: तिकडं पाऊस कुठाय?

भाची: थोडा आहे, पण दोन-चार मोठ्या सरींत येतो. कोरड्या मातीवर चाळीस मिलिमीटर पडला तर वरवरची माती ओली होते आणि पुन्हा सुकते. मीठ जिथल्या तिथे. तीच माती आधीच्या पाळीने ओली करून ठेवली असेल, शेत सपाट असेल, बांध घट्ट असतील, तर ते सगळं पाणी खाली जाण्यात खर्च होतं. पावसाच्या पाण्यात मीठ जवळजवळ नसतंच. कालव्याची एक पाळी पावसाच्या आधी दिली की पाऊस धुण्याचं काम करतो. मी कमी पाणी म्हणते ते या अर्थाने. धुणं वगळायचं, असं मी कधीच म्हटलं नाही.

मामा: बरं. धुतली एकदा. पुढं काय? दरवर्षी परत धुवायची?

भाची: त्याचं उत्तर पिकावर आहे. मातीतल्या क्षारांचं मोजमाप विद्युतवाहकतेने करतात, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये. उसाचं उत्पादन १.७ च्या पुढे घटायला लागतं. गहू ६ पर्यंत तग धरतो, कापूस ७.७, जव म्हणजे सातू ८. आता एखाद्या विहिरीचं पाणी २ डेसीसायमनचं आहे. त्या पाण्यावर पूर्ण पीक घ्यायचं तर दिलेल्या पाण्यातला काही हिस्सा मुळांखाली जाऊ द्यावा लागतो, मीठ खाली ढकलायला. उसासाठी तो हिस्सा येतो ३१ टक्के. गव्हासाठी ७. सातूसाठी ५. तीच माती, तेच पाणी. आणि कालव्याचं गोडं पाणी असेल, ०.४ चं, तर गव्हाला जेमतेम दीड टक्का पुरतो. कालव्यावरचा शेतकरी पाट सोडून झोपतो तेव्हा त्याच्या पाण्याचा तिसरा-चौथा हिस्सा तर नकळत खाली जातो. त्याला धुण्यासाठी वेगळं पाणी लागतच नाही. त्याचं दुखणं नेमकं उलटं आहे, खाली फार जातंय.

हा हिशेब मी स्वतः पुन्हा मांडून पाहिला. सूत्र साधे आहे: पाण्याची क्षारता भागिले, पिकाच्या सहनमर्यादेची पाचपट उणे पाण्याची क्षारता. आकडे तेच येतात. मला यातून सगळ्यात मोठे वाटले ते पिकाचे वजन. यंत्र बदलून, नळ्या बदलून जेवढे पाणी वाचते तेवढेच किंवा त्याहून जास्त नुसते पीक बदलून वाचते, कारण खाऱ्या पाण्यावर नाजूक पीक घेतले की त्या पिकाच्या तहानेवर धुण्याची तहान चढते.

मामा मात्र इथेच अडले, आणि त्यांचे अडणे योग्य होते.

मामा: खाली जातंय, खाली जातंय. खाली म्हणजे कुठं? आमच्या पाइपाचं पाणी नाल्याला जातंय, नाला पंचगंगेला, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला, आणि कृष्णा समुद्राला. मीठ देशाबाहेर गेलं म्हण की. तुझ्या थरमध्ये नदी कुठाय? घग्गर म्हणतीस ती वाळूत जिरती. मग ह्याच्या रानातलं धुतलेलं मीठ जातंय कुठं?

भाची: शेजारच्या सखल भागात.

मामा: बघ की. म्हणजे टिब्ब्यावरच्यानं धुवायचं आणि खालच्यानं भोगायचं.

भाची: तेच झालंय तिथे, मामा. त्या वाळूखाली बऱ्याच ठिकाणी जिप्समचा नाहीतर चिकणमातीचा कठीण थर आहे. दुसऱ्या टप्प्यातल्या मोठ्या भागात तो दहा मीटरांच्या आत लागतो. वरून सोडलेलं पाणी त्या थरावर अडतं आणि आडवं सरकत खोलगटात निघतं. त्यात घग्गरच्या पुराचं पाणी सुरतगडजवळच्या टिब्ब्यांमधल्या खोलगटांत सोडलं गेलं, त्याने भर पडली. तुमचा पाइप-निचरा तिकडेही करून पाहिला आहे, लखूवालीला. पाइप पाणी गोळा करतात, शेत सुधारतं. प्रश्न पाइपाच्या तोंडाशी येतो. पाणी पंपाने उचलून बाष्पीभवनाच्या तळ्यात टाकायचं, म्हणजे एका जागी मिठाचं तळं कायमचं सांभाळायचं. थोड्या जमिनीसाठी ते करता येतं. लाखो हेक्टरसाठी करता येत नाही. म्हणून मी पहिल्यापासून म्हणतेय की जिथे मिठाला बाहेर जायला वाट नाही तिथे मीठ कमी आणा आणि खालचं उठवू नका. पाणी कमी देणं हा तिथला निचरा आहे.

मामा: आणि झाडं? मी ऐकलंय, कालव्याच्या कडेनं निलगिरी लावली आणि पाणी खाली गेलं.

भाची: गेलं. कालव्याकाठच्या निलगिरीने भूजल कित्येक मीटर उतरवलं. पाझर थोपवायला तो चांगला उपाय आहे. पण झाड पाणी ओढतं आणि मीठ मुळांशी सोडतं. खाऱ्या भूजलावर झाडं लावली तर काही वर्षांनी मुळांभोवतीच मीठ साठतं आणि झाड मंदावतं. गोड्या पाझराच्या पट्ट्यात झाडं लावावीत, साचलेल्या खाऱ्या तळ्याच्या मध्यात लावून चमत्काराची वाट पाहू नये.

मामा: मग जिप्सम? आमच्याकडं जमीन बिघडली की पहिलं नाव जिप्समचंच.

भाची: हीच गफलत सगळीकडे होते. जमिनी दोन तऱ्हेच्या. एक नुसती खारी, तिच्यात विरघळणारं मीठ जास्त. तिला पाणी आणि निचरा पुरतो. दुसरी चोपण, तिच्यात मातीच्या कणाला सोडियम चिकटलेला. सामू साडेआठच्या वर, ओली झाली की चिखल, वाळली की दगड, पाणी आत जातच नाही. तिला आधी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, आणि मग पाणी. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ सालची. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशातल्या लाखो हेक्टर चोपण जमिनी याच मार्गाने भातशेतीखाली आल्या, आणि देशातलं बहुतेक जिप्सम तर राजस्थानातूनच निघतं. थरच्या बऱ्याच खाऱ्या मातीत ते निसर्गतःच आहे. तिला वरून पोती टाकून उपयोग शून्य. माती न तपासता जिप्सम टाकणं म्हणजे पैसे पुरणं.

इथे मी मध्ये पडलो. दोघेही अभियांत्रिकीत अडकले होते आणि वाळवंटातल्या माणसाचे स्वतःचे शहाणपण बाजूला राहत होते. मी खडीनचा विषय काढला. भाचीचा चेहराच खुलला.

जैसलमेर भागात पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकाच्या सुमारास रुजवलेली ही पद्धत. खडकाळ, मुरमाड उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी खालच्या सखल शेतात अडवायचे. त्यासाठी शेताच्या उतरत्या बाजूला मातीचा लांब बांध. शेताच्या दहा-पंधरा पट पाणलोट ठेवायचा, म्हणजे थोड्या पावसालाही शेत भरते. जास्तीचे पाणी सांडव्यावरून जाते. पावसाळाभर पाणी शेतात मुरते. पेरणीच्या वेळेला पाणी उरले असेल तर तळाच्या मोरीतून सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर गहू, हरभरा पेरायचा. पुढे एकही पाळी नाही.

भाची: आणि मिठाच्या दृष्टीने पाहा. दरवर्षी पीक येण्याआधी शेत पावसाच्या कोऱ्या पाण्याने धुतलं जातं. पाणी खाली आणि बांधाखालून पलीकडे झिरपतं, मीठ बरोबर नेतं. बांधापलीकडे विहिरी खणतात, त्यातून ते पाणी उपसलं जातं, म्हणजे हालतं राहतं. वाहून आलेल्या गाळाने मातीला खत मिळतं. पाणी उभं राहतं तेव्हा पीक नसतं, पीक असतं तेव्हा पाणी दिलं जात नाही. सिंचनाचं पाणी शून्य, धुणं भरपूर. पाचशे वर्षं त्या जमिनी टिकल्या आहेत.

मामा: पण पाणलोटाला जागा किती गेली! एका एकराला दहा-पंधरा एकर पडीक ठेवायचं.

भाची: पडीक नाही, तो चराईचा माळ असतो. शेळ्या-मेंढ्या त्यावर जगतात. आणि पाली जिल्ह्यातल्या खारची गावच्या गव्हाचं नाव ऐकलंय का तुम्ही? तिथल्या खाऱ्या पाण्यावर, खाऱ्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या टिकलेला गहू, खारचिया. क्षार सोसणाऱ्या गव्हाचा तो जगभर वापरला गेलेला वाण आहे. खारचिया ६५ चा संकर करून कर्नालने केआरएल १-४ काढला. त्या भागातले शेतकरी खाऱ्या विहिरीवर दरवर्षी तेच शेत भिजवत नाहीत. एक वर्ष पीक, पुढचा पावसाळा शेत मोकळं, पावसाने धुऊ द्यायचं.

मामा: हे मात्र पटलं. आमच्याकडं क्षारपड रानाला मोकळं सोडायची कुणाची तयारी नसती. कर्जाचा हप्ता मोकळा सुटत न्हाई. पण क्षार सोसणारं पीक मला अजून खटकतंय. मीठ तिथंच ठेवून त्याच्यासंगं संसार करायचा. उद्या आठाचं बारा झालं की तो गहूपण गेला.

भाची: तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. गहू मीठ ओढून घेऊन जमीन साफ करत नाही, पिकाबरोबर जाणारं मीठ नगण्य असतं. पण जमीन सुधारायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर घर चालायला हवं. पहिल्या वर्षी सातू, मोहरी, दुसऱ्या वर्षी गहू, कापूस. जमिनीवर हिरवं राहिलं की ऊन थेट मातीवर पडत नाही, मीठ वर चढणं मंदावतं. धान्याचं भूस, काड्या पसरल्या तरी तेच होतं. थरच्या मातीत सेंद्रिय कर्ब फार कमी, पाणी धरायला काही नसतं. रायका लोकांचे मेंढ्यांचे कळप शेतात बसवतात ते उगाच नाही.

मामा: आमच्याकडं धनगर बसवतात तसं. रासायनिक खतं आल्यापासनं ते कमी केलं लोकांनी, हे वाईट झालं.

मग गाडी ठिबकवर आली, आणि इथे मामांनी भाचीला खरेच पेचात धरले.

मामा: तू तुषार, ठिबक म्हणतीस. मी माझ्या रानात बघितलंय. नळीजवळ माती मऊ, आणि दोन नळ्यांच्या मध्ये पांढरी रेघ. मीठ गेलं न्हाई, बाजूला सरकून बसलं. वळवाचा पाऊस आला की ते विरघळून थेट मुळांत. एका रात्रीत पानं करपली. सरीतही तसंच, माथ्यावर मीठ चढतंय, म्हणून शहाणा माणूस बी माथ्यावर लावत न्हाई, कडेला लावतोय.

भाची: खरं आहे. म्हणूनच पहिल्या पावसात ठिबक बंद करायचं नसतं. पाऊस पडत असताना ते चालू ठेवायचं, म्हणजे मुळांच्या बाजूने बाहेर जाणारा प्रवाह टिकतो आणि मीठ आत येत नाही. आणि वर्षातून एकदा शेत सगळीकडून भिजवून मधली रेघ धुवायचीच. ठिबकचं शेत न धुता चार-पाच वर्षं चालवलं तर ते खारं होणारच, मग पाणी कितीही कमी द्या.

मामा: म्हणजे शेवटी धुवायचंच.

भाची: शेवटी धुवायचंच. पण राखून ठेवलेल्या पाण्याने, थंडीत, एकदा.

इतके झाल्यावर दोघांत फरक उरला तो निराळ्याच ठिकाणी, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची मेख तिथेच आहे: वाचलेल्या पाण्याचे करायचे काय?

इंदिरा गांधी कालव्याच्या पहिल्या टप्प्यात हजार एकरांना ५.२३ क्यूसेक पाणी धरले होते. दुसऱ्या टप्प्यात ते ३ क्यूसेकवर आणले. कारणे दोन होती, सेम दिसली होती आणि पाणी जास्त जमिनीवर पसरायचे होते. दुसऱ्या टप्प्यात तुषार सिंचन आणि डिग्गी आली. डिग्गी म्हणजे शेतातला पक्का हौद: बारी, म्हणजे पाण्याची पाळी, आली की कालव्याचे पाणी त्यात भरून घ्यायचे आणि गरज पडेल तसे तुषारने द्यायचे. बारी रात्री दोनची असली तरी पाणी शेतात उधळून देण्याची सक्ती उरली नाही. मला ही डिग्गी फार मोलाची वाटते, कारण पाणी केव्हा द्यायचे ते तिच्यामुळे शेतकऱ्याच्या हातात येते आणि धुण्याची वेळ निवडता येते. पण सगळा भर नव्या जमिनी भिजवण्यावर राहिला तर वाचलेला प्रत्येक थेंब नव्या शेतात जातो आणि जुन्या शेताला धुवायला काहीच उरत नाही. वरच्या शेतांत सेम आणि शेपटाला कोरड अशी दोन्ही दुःखे एकाच कालव्यावर नांदली. २००४ साली याच कालव्यावरच्या घडसाना-रावला भागात पाण्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसे मेली. तेव्हा पाणी कमी द्या हे वाक्य तिथल्या शेतकऱ्याला कसे ऐकू येत असेल याचा विचार सल्ला देणाऱ्याने करायला हवा.

मामा: म्हणूनच म्हणतोय, शेतकऱ्याला कमी पाणी दे म्हणायचा हक्क तुम्हाला कधी, तर जेव्हा त्याला खात्री असेल की मिळणारं पाणी ठरल्या वेळेला येणार. न्हाईतर तो मिळेल तेव्हा पोटभर भरून घेणार. मीपण घेतलं असतं.

भाची: यावर माझं तुमच्याशी भांडण नाही.

मामा: आणि काही जमीन सोडूनच द्यायला पाहिजे. दहा मीटरवर थर असलेली जमीन भिजवायचा हट्ट कशाला?

भाची: हे तुम्ही म्हणताय? तुम्ही तर इंचभर जमीन सोडायला तयार नसता!

मामा: आमच्या खाली कृष्णा हाय म्हणून. कृष्णा नसती तर मीपण सोडली असती.

माझा निकाल असा आहे. खोल वाळूच्या जमिनीवर भाचीचे म्हणणे धरावे: गोडे पाणी, सोसणारे पीक, डिग्गी आणि तुषार, थंडीतले किंवा पावसाच्या आधीचे एक धुणे. कठीण थर वर आहे तिथे कालव्याचे पाणी नेऊच नये. तिथे खडीन, चराई, खारी जाळ आणि खेजडीची झाडे हीच शेती. आधीच तुंबलेल्या सखल भागात मामांचा पाइप-निचरा करावा, पण खारे पाणी टाकायची जागा आधी ठरवून आणि ती सांभाळायचा खर्च योजनेच्या कागदावर लिहून. आणि कुठल्याही पद्धतीने पाणी वाचले तर त्याचा पहिला हिस्सा त्याच शेताच्या धुण्याला, दुसरा शेपटाच्या शेतकऱ्याला, आणि उरला तरच नव्या जमिनीला. हा क्रम उलटला की खर्च करून सुधारलेली जमीन पुन्हा पांढरी होते.

मराठी वाचकासाठी हे दूरच्या वाळवंटाचे प्रकरण नाही. महाराष्ट्रात सहा लाख हेक्टरांच्या आसपास जमीन क्षारबाधित आहे, आणि तिचा मोठा भाग चोपण आहे. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी आता आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडे नेले आहे. दुष्काळाने होरपळलेल्या त्या तालुक्यांना हे पाणी मिळायलाच हवे होते, आणि त्याचा आनंद मलाही आहे. पण तिथे पाऊस कमी आहे, ऊन कडक आहे, आणि पाण्यामागोमाग ऊस येतो आहे. शिरोळने जे पन्नास वर्षांत पाहिले ते तिथे घडायला तेवढी वर्षे लागणार नाहीत.

म्हणून त्या भागातल्या शेतकऱ्यांना एक विनंती. शेताच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात दोन मीटर खोल भोक घेऊन त्यात भोके पाडलेला एक पाइप उभा करा आणि पावसाळ्याआधी व नंतर पाणी किती खोल आहे ते वहीत लिहा. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी त्याच जागेची माती तपासणीला द्या आणि अहवालात विद्युतवाहकता आणि सामू हे दोन आकडे आधी बघा. पाणी दीड मीटरच्या आत आले किंवा वाहकता उसाच्या सहनमर्यादेपुढे गेली, तर पुढच्या हंगामाला ऊस लावू नका.